लशीनंतर खांदा धरला तर भरपाई कुठे मागायची?

लस घेतल्यावर दंड दुखतो, हे आपल्या वस्तीत कोणाला नव्याने सांगायला नको. धनुर्वाताचे इंजेक्शन असो, कुत्रा चावल्यावरची सुई असो की करोनाची लस, एक-दोन दिवस हात जड होतो, सुईच्या जागी थोडी सूज येते, कधी अंगात कणकण भरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस ते विसरून कामाला लागतो. या दुखण्याला घाबरायचे कारण नाही, आणि त्यापायी लस टाळायचे तर मुळीच नाही.

क्वचित एखाद्याचे दुखणे मात्र वेगळे निघते. सुई टोचली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळ सुरू होते, आणि ती दंडापेक्षा वर, खांद्याच्या सांध्यात असते. आठवडा जातो, महिना जातो, कळ जात नाही. हात डोक्याच्या वर उचलत नाही. केस विंचरता येत नाहीत, मागे हात नेऊन पदर खोचता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा किंवा पाट्या उचलणाऱ्या माणसाचा उजवा खांदा असा धरला, तर घराची चूलच अडते. डॉक्टरांच्या भाषेत या दुखापतीला ‘सिर्वा’ असे छोटे नाव आहे. त्याचा अर्थ लस टोचण्याशी संबंधित खांद्याची इजा. २००७ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा दोन रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापली. २०१० मध्ये आणखी १३ रुग्णांचा अभ्यास आला आणि हे नाव रूढ झाले.

यात दोष बहुतेक वेळा सुई लागलेल्या जागेचा असतो. आपल्या खांद्याच्या टोकाला हात लावून पाहा. तिथे हाडाची कडा लागते. त्या कडेखाली साधारण दोन ते तीन बोटे अंतर सोडले की दंडाचा जाड, मांसल भाग सुरू होतो. सुई तिथे, स्नायूच्या मधोमध जायला हवी. ती फार वर टोचली तर स्नायूऐवजी सांध्याजवळच्या एका पातळ पिशवीत जाऊ शकते. हाड आणि स्नायूबंध एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गाने ही पिशवी दिली आहे. तिला बर्सा म्हणतात. लशीचे काम शरीराच्या संरक्षक पेशींना जागे करणे हे आहे. तेच काम चुकीच्या ठिकाणी, सांध्याच्या आतल्या अस्तरात झाले, की तिथे दाह सुरू होतो आणि तो लांबतो. म्हणजे तीच लस दोन बोटे खाली टोचली असती तर हा त्रास बहुधा झालाच नसता.

सुई वर का जाते, याची कारणे साधी आहेत. टोचणारी सिस्टर उभी असते आणि आपण खुर्चीवर खाली बसलेलो असतो, त्यामुळे तिचा हात आपसूक वरच्या भागावर येतो. शिबिरात गर्दी असते. आणि आपल्या बायकांचे घट्ट बाहीचे ब्लाउज! बाही वर सरकत नाही म्हणून गळ्याकडून ब्लाउज खाली ओढला जातो, खांद्याचे टोक तेवढे उघडे पडते आणि सुई नेमकी तिथे लागते. म्हणून लस घ्यायला जाताना सैल किंवा आखूड बाहीचे कपडे घाला. पूर्ण दंड उघडा करा. सिस्टरला शक्य असेल तर तिलाही बसून टोचायला सांगा. हात कमरेवर ताठ धरू नका, सैल सोडा. एवढे सांगायला संकोच वाटायचे कारण नाही. तान्ह्या बाळांच्या आयांनी तर हे मनावर घेऊच नये. बाळांना पेंटाव्हॅलंटसारख्या लसी मांडीत टोचतात, तिथे खांद्याचा प्रश्न येत नाही. हा विषय मोठ्यांचा आणि मोठ्या मुलांचा आहे: गरोदरपणातली टीडी, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी, रेबीजची लस, करोनाची, फ्लूची.

खांदा धरलाच, तर मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने ढकलू नका. चार-पाच दिवसांत कळ उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवा, दोन आठवडे गेले तर हाडांच्या डॉक्टरांना. सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभाग आणि फिजिओथेरपी दोन्ही असतात. उपचार म्हणजे दाह कमी करणाऱ्या गोळ्या, व्यायाम, आणि गरज पडली तर सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन. शस्त्रक्रियेची पाळी थोड्यांवर येते. एक चूक फार जण करतात. दुखते म्हणून हात छातीशी धरून बसतात. त्याने सांधा आणखी आखडतो. फिजिओथेरपिस्ट सांगेल तेवढी हालचाल दुखत असतानाही चालू ठेवावी लागते.

आता भरपाईकडे येऊ. खांद्याच्या या दुखापतीसाठी वेगळी कायदेशीर वाट आखून दिली आहे ती अमेरिकेने, म्हणून आधी तिथले समजून घेऊ.

१९८० च्या आसपास अमेरिकेत ट्रिपल लशीवरून कंपन्यांवर पुष्कळ खटले झाले. काही कंपन्यांनी लसी बनवणेच सोडले आणि तुटवड्याची भीती निर्माण झाली. तेव्हा १९८६ मध्ये तिथल्या संसदेने बालकांच्या लसींमुळे होणाऱ्या इजांबद्दल कायदा केला. १९८८ पासून भरपाईची योजना सुरू झाली. लशीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागे, ७५ सेंट कर लागतो. त्यातून निधी जमतो. इजा झालेल्याने कंपनीवर किंवा सुई टोचणाऱ्या सिस्टरवर थेट खटला भरायचा नाही. तो देशाच्या आरोग्य खात्याविरुद्ध अर्ज करतो. वॉशिंग्टनच्या एका न्यायालयातले विशेष न्यायाधिकारी तो ऐकतात. यातली मोठी गोष्ट अशी की चूक कोणाची झाली, हे अर्जदाराला सिद्ध करावे लागत नाही. इजांचा एक तक्ता आहे. तुमची इजा त्या तक्त्यात आणि ठरलेल्या मुदतीत बसली, की ती लसीकरणामुळेच झाली असे कायदा धरून चालतो. ती दुसऱ्या कारणाने झाली हे दाखवायचे असेल तर ते सरकारने दाखवायचे.

खांद्याची इजा या तक्त्यात २०१७ च्या मार्चमध्ये आली. अटी चार आहेत. लस घेण्याआधी त्या खांद्याला दुखणे, सूज किंवा आखडलेपणा नसावा. कळ ४८ तासांच्या आत सुरू व्हावी. दुखणे आणि हालचाल कमी होणे हे लस टोचलेल्या खांद्यापुरतेच असावे. आणि दुसऱ्या कोणत्या आजाराने त्याचा उलगडा होत नसावा. शिवाय त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा, किंवा त्यासाठी रुग्णालयात भरती होऊन शस्त्रक्रिया झालेली हवी. अर्ज पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांत करायचा. उपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई मिळते. वेदनेबद्दलची रक्कम जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. वकिलाची फी निधीतून दिली जाते, अगदी दावा हरला तरी, फक्त तो प्रामाणिकपणे आणि काही आधाराने केलेला असला पाहिजे. गरिबाच्या दृष्टीने मला ही तरतूद रकमेपेक्षा मोलाची वाटते.

ही इजा तक्त्यात टिकली तीही वाद होऊनच. अर्ज भराभर वाढले आणि खांद्याचे दावे इतर सगळ्या इजांहून जास्त होऊ लागले. २०२० मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने ती तक्त्यातून काढायचे ठरवले. त्यांचे म्हणणे असे की हा दोष टोचणाऱ्याच्या हाताचा आहे, लशीचा नाही, मग लशीच्या निधीतून पैसे का द्यायचे? जानेवारी २०२१ मध्ये तसा नियमही निघाला. सरकार बदलले, आणि एप्रिल २०२१ मध्ये तो लागू होण्याआधीच मागे घेण्यात आला. युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो. पण माणूस दवाखान्यात जातो तो लस आणि सुई वेगवेगळी घ्यायला जात नाही. समाजाच्या भल्यासाठी सगळ्यांनी लस घ्यावी असे सरकार म्हणते, तर त्यात ज्याचा हात गेला त्याला ‘दोष सुईचा आहे’ म्हणून परत पाठवणे न्यायाचे नाही.

इंग्लंडमध्येही १९७९ पासून लशीच्या इजेबद्दल १ लाख २० हजार पौंडांपर्यंत एकरकमी मदत मिळण्याचा कायदा आहे. पण त्यासाठी अपंगत्व ६० टक्के असावे लागते. धरलेला खांदा त्या मापात सहसा बसत नाही.

आपली मुलेमुली आता शिकायला, नोकरीला अमेरिकेत आहेत. तिथे औषधाच्या दुकानातही फ्लूची लस टोचतात. त्यांच्यापैकी कोणाला असा त्रास झाला तर ही योजना त्यांनाही खुली आहे, कारण तिच्यात नागरिकत्वाची अट नाही. लस अमेरिकेत घेतलेली असली पाहिजे. करोनाच्या लशीसाठी तिथली योजना वेगळी आणि बरीच कडक आहे. तिची मुदत लस घेतल्यापासून एकच वर्ष आहे आणि वकिलाची फी त्यात मिळत नाही.

आपल्याकडे संसदेने अमेरिकेसारखा तक्ता आणि निधी असलेला लस-भरपाईचा कायदा केलेला नाही. म्हणून इथल्या माणसाला हलगर्जीपणा दाखवावा लागतो: सुई कुठे जायला हवी होती, कुठे गेली, आणि त्याने काय नुकसान झाले. हे अवघड आहे, पण दार बंद नाही. कोणते दार ठोठावायचे, हे लस पैसे देऊन घेतली की फुकट, यावर ठरते.

खासगी दवाखान्यात पैसे देऊन लस घेतली असेल तर ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. एखादे रुग्णालय काहींकडून पैसे घेते आणि गरिबांना फुकट सेवा देते, तर तिथला फुकट सेवा घेणाराही ग्राहक ठरतो, हेही त्याच निकालात आहे. ट्रस्टच्या रुग्णालयात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. तक्रारीची फी सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे. लशीचे पाचशे रुपये दिले असतील तर भरपाई कितीही मागा, फी लागत नाही. वकील लावायची सक्ती नाही. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

सगळ्यांनाच फुकट सेवा देणाऱ्या आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात लस घेतली असेल, तर ग्राहक आयोग चालत नाही. तिथे दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. फुकट सेवा दिली म्हणून सरकार जबाबदारीतून सुटत नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिले. कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल राज्य सरकार उत्तरदायी आहे, असे त्या निकालात स्पष्ट सांगितले. तेहतीस वर्षे लागली, हेही लपवायला नको. सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. महापालिकांच्या बाबतीत मुदती आखूड असू शकतात. म्हणून ‘बघू दिवाळीनंतर’ असे करू नका.

दावा संस्थेवर करायचा, सिस्टरवर तोंडसुख घ्यायचे नाही. ती बहुधा आपल्यासारख्याच घरातली असते, आणि दिवसभर उभी राहून टोचत असते. आशाताईचा तर सुईशी संबंधच नसतो. ती आपल्याला फक्त बोलवायला येते.

वकिलाच्या खर्चाची चिंता बहुतेक वाचकांनी करू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला, मुलाला आणि दिव्यांगाला मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, म्हणून आपल्या पुरुषांनी जातीचा दाखला जोडायचा. बायकांना तोही लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात प्राधिकरण. फोन १५१००.

आणि आता कागद. वकील कितीही चांगला असला तरी त्याला कागद लागतात, आणि ते पहिल्या आठवड्यात जमवले तरच खरे वाटतात.

लसीचे कार्ड किंवा प्रमाणपत्र जपा. त्यावर तारीख, लशीचे नाव, बॅच नंबर असतो. कोणत्या हातावर टोचले ते लिहिलेले नसेल तर लिहून मागा. सुईची खूण दिसते तोवर मोबाइलवर फोटो काढा, खांद्याचे टोक आणि खूण दोन्ही एका फोटोत यावीत असा. अमुक दिवशी हात कुठपर्यंत उचलला, हे मुलीच्या वहीत रोज एका ओळीत लिहून ठेवा. डॉक्टरकडे गेल्यावर नुसते ‘खांदा दुखतो’ म्हणू नका. ‘अमुक तारखेला या हातावर लस घेतली, त्याच रात्री कळ सुरू झाली’ असे सांगा आणि ते केसपेपरवर लिहायला लावा. पुढे सगळा वाद या एका वाक्यावर येतो. महिनाभराने पहिल्यांदा दवाखान्यात गेलेल्या माणसाचे ४८ तास कोणी मानत नाही.

समोरची बाजू काय म्हणणार, तेही आधीच ओळखा. ‘यांना साखर आहे, साखरेच्या रुग्णाचा खांदा तसाही आखडतो.’ ते खोटे नाही. मधुमेह्यांमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण खरोखरच जास्त असते. ‘यांचे कामच ओझ्याचे, खांदा आधीपासून झिजलेला असणार.’ म्हणून लशीआधी खांदा ठीक होता हे दाखवणारे जे असेल ते गोळा करा: जुने केसपेपर, ज्यात खांद्याची तक्रार नाही, मुकादमाची हजेरी, ज्या घरी काम करता तिथल्या बाईंचे चार ओळींचे पत्र की अमुक तारखेपर्यंत हिने रोज काम केले आणि नंतर आली नाही. बुडालेल्या मजुरीचा पुरावाही यातूनच होतो. पगार बँकेत येत असेल तर पासबुक भरून घ्या. घरीच राबणाऱ्या बाईनेही आपली काही कमाई नाही असे म्हणू नये. घरकामाचे मोल रुपयांत धरून भरपाई द्यायचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच दिला आहे.

खासगी डॉक्टरकडून केसपेपर लेखी मागा. मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधनही त्यातच आहे. सरकारी केंद्राकडून मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तीही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत.

याशिवाय त्रासाची नोंद सरकारदरबारी करून घ्या. लसीकरणानंतरच्या त्रासाची नोंद ठेवायची पद्धत प्रत्येक आरोग्य केंद्रात आहे. ती परिचारिका किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडून करून घ्या आणि आपल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. औषधांच्या दुष्परिणामांसाठीची केंद्राची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे. तिथे रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो. या नोंदीने लगेच पैसे मिळत नाहीत. पण एकाच केंद्रावर तीन-चार जणांचे खांदे धरल्याचे कागदावर आले, तर तिथल्या टोचण्याच्या पद्धतीकडे कोणाला तरी पाहावे लागते, आणि तुमच्या वकिलाच्या हातीही काहीतरी लागते.

या कागदांची एक झेरॉक्स घरी ठेवा, एक वकिलाला द्या. मूळ प्रत पावतीशिवाय कोणाच्याही हाती सोडू नका.